जनुक पोहोचवणे सोपे, थांबवणे अवघड : चेतांची इजा, जनुकोपचार आणि एक संशोधन-कारकीर्द

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मामेभावाला दुचाकीच्या अपघातात मानेपाशी मार बसला आणि त्याचा उजवा हात खांद्यापासून लुळा पडला. तेव्हापासून ती चेतांची, म्हणजे ज्यांना आपण बोलताना मज्जातंतू किंवा नुसतेच ‘नस’ म्हणतो त्यांची, इजा आणि जनुकोपचार, म्हणजे पेशींत बाहेरून जनुक घालून करायचा उपचार, या विषयावर वाचू लागली. त्या वाचनात नेदरलँड्समधील योस्त फरहाखन या चेताशास्त्रज्ञांचे नाव तिला वारंवार भेटले. आता ती तीन गोष्टी विचारते : अशा शास्त्रज्ञाच्या आयुष्यभराच्या कामातून प्रत्यक्षात काय हाती लागले, भावाने जनुकोपचाराची वाट पाहावी का, आणि तिने स्वतः याच विषयात पीएच.डी. करावी का.

मधल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण घाई त्याची आहे. वाट पाहू नये. हाताच्या चेतांना झालेल्या इजेवर आज कोणताही मान्यताप्राप्त जनुकोपचार उपलब्ध नाही, आणि शस्त्रक्रियेची वेळ मात्र हातातून निघून जात असते. मानेतून हाताकडे जाणारे चेतांचे जाळे, ज्याला डॉक्टर ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात, अशा अपघातात ताणले जाते, तुटते किंवा मेरुरज्जूतून मुळासकट उपटले जाते. तुटलेल्या चेतेचा पुढचा भाग काही दिवसांत नष्ट होतो. ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या चेता कापून ही क्रिया प्रथम नीट वर्णन केली, म्हणून ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. त्यानंतर नवा अक्षतंतू, म्हणजे चेतापेशीचा लांब धागा, कापलेल्या जागेपासून वाढत वाढत स्नायूपर्यंत पोहोचावा लागतो. माणसात त्याचा वेग दिवसाला साधारण १ मिलिमीटर असतो. खांद्यापासून पंजाच्या लहान स्नायूंपर्यंतचे अंतर ७० सेंटिमीटर धरले, तर हिशेब ७०० दिवसांवर जातो. आणि चेतेविना राहिलेला स्नायू साधारण १२ ते १८ महिन्यांनंतर नव्या अक्षतंतूला दाद देईनासा होतो. या दोन आकड्यांतली तफावत हेच या इजेचे मूळ दुखणे आहे, आणि पुढे जे संशोधन सांगणार आहे ते सगळे याच तफावतीभोवती फिरते.

म्हणूनच चेतांची शस्त्रक्रिया करणारे शल्यचिकित्सक इजेनंतर साधारण तीन ते सहा महिन्यांच्या आत हात घालू पाहतात. पॅरिसच्या क्रिस्तोफ ओबेरलँ यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत या संदर्भात जाणून घेण्यासारखी आहे. करंगळीच्या बाजूने जाणाऱ्या अल्नर चेतेतील एखादी जुडी वेगळी काढून ती दंडाच्या बायसेप्स स्नायूकडे जाणाऱ्या चेतेला जोडायची, म्हणजे अंतर ७० सेंटिमीटरवरून काही सेंटिमीटरवर येते आणि कोपर वाकू लागतो. यासाठी मेरुरज्जूतून निघणारी खालची मुळे शाबूत असावी लागतात, त्यामुळे ही पद्धत प्रत्येकाला लागू पडत नाही. पण कोणाला लागू पडते हे ठरवणारा तज्ज्ञ भावाने याच आठवड्यात गाठावा, सोबत एमआरआय आणि ईएमजी-एनसीव्ही, म्हणजे स्नायू व चेतांच्या विद्युत तपासणीचे, अहवाल न्यावेत. अशा शस्त्रक्रिया करणारे शल्यचिकित्सक महाराष्ट्रात आहेत. ‘आधी फिजिओथेरपी करून वर्षभर पाहू’ असा सल्ला अनेकदा मिळतो. फिजिओथेरपी हवीच, सांधे आखडू नयेत म्हणून ती पहिल्या दिवसापासून हवी. मात्र ती शस्त्रक्रियेचा पर्याय नव्हे.

आता फरहाखन यांच्या कामाकडे वळतो, आणि येथून पुढे प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थिनीशीच थेट बोलतो. त्यांचीच कारकीर्द निवडून तुम्ही प्रश्न विचारलात हे मला आवडले, कारण या क्षेत्रात त्यांच्याहून अधिक गाजलेली नावे असली, तरी एकच अडचण दहा-दहा वर्षे न सोडणारे लोक थोडे आहेत.

त्यांची सुरुवात जनुकोपचारापासून झाली नाही. १९८० च्या दशकात उट्रेख्टमध्ये विलेम हेंड्रिक गिस्पेन यांच्या गटात बी-५० नावाच्या प्रथिनावर काम चालले होते. तेच प्रथिन पुढे गॅप-४३ या नावाने प्रसिद्ध झाले. चेतापेशी वाढत असताना ते विपुल असते, वाढ पुरी झाली की घटते, आणि चेता कापली की पुन्हा वर येते. फरहाखन यांनी उंदरांच्या पायाच्या सोलियस स्नायूची चेता तोडून आणि ती पुन्हा जुळत असताना हे प्रथिन कुठे दिसते, याचा अभ्यास केला. पुढे अमेरिकेत फ्रँक मार्गोलिस यांच्यासोबत त्यांनी घ्राणचेतांवर काम केले. सस्तन प्राण्यांच्या शरीरात वास घेणाऱ्या चेतापेशी आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात, त्यामुळे ‘वाढणारी चेतापेशी न वाढणाऱ्या पेशीपेक्षा वेगळी कशात असते’ हा प्रश्न विचारायला ती उत्तम जागा आहे. नंतर आम्स्टरडॅमच्या मेंदू संशोधन संस्थेत, जी आज नेदरलँड्स इन्स्टिट्यूट फॉर न्यूरोसायन्स म्हणून ओळखली जाते, त्यांनी स्वतःचा गट उभा केला. तेथे प्रश्न बदलला : वाढीचे जनुक बाहेरून नेऊन घातले, तर थांबलेली चेतापेशी पुन्हा वाढेल का?

प्रथिनच थेट टोचले तर काय बिघडते, असे कोणीही विचारील. ते करून पाहिले गेले होते. चेतापेशींना जगवणाऱ्या प्रथिनांचे महत्त्व रीटा लेवी-माँताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांच्या कामामुळे सर्वमान्य झाले होते. १९८६ चे नोबेल त्यांना त्यासाठीच मिळाले. १९९० च्या दशकात एएलएस या, स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाणाऱ्या आजाराच्या रुग्णांना सीएनटीएफ हे अशाच प्रकारचे प्रथिन इंजेक्शनने देण्यात आले, तेव्हा आजार थांबला नाही आणि रुग्णांचे वजन मात्र घटले. अशी प्रथिने रक्तात फार काळ टिकत नाहीत, नेमक्या जागी पुरेशी पोहोचत नाहीत, आणि नको तेथे परिणाम करतात. तेव्हा ज्या पेशींजवळ प्रथिन हवे त्या पेशींनाच ते बनवायला लावणे हा मार्ग उरतो, आणि त्यासाठी जनुक आत नेणारा वाहक लागतो. वाहक म्हणजे रोग घडवण्याची क्षमता काढून टाकलेला विषाणू.

त्या काळी हाताशी असलेला वाहक म्हणजे अॅडिनोव्हायरस. तो पेशीत सहज शिरतो, पण शरीराला त्याची ओळख लागलीच पटते. फरहाखन यांच्या गटाने १९९७ मध्ये साधे विस्टार जातीचे उंदीर आणि टी पेशी, म्हणजे परक्या गोष्टी ओळखणाऱ्या प्रतिकारपेशी, नसलेले उंदीर यांची तुलना करून दाखवले की वाहकाने आणलेले जनुक मेंदूत लवकर बंद पडण्यामागे प्रतिकारशक्तीचा मोठा हात आहे. हा तपशील कोरडा वाटेल, पण पुढची वीस वर्षे या कामाला प्रतिकारशक्तीच आडवी येत राहिली. १९९९ मध्ये फिलाडेल्फियात यकृताच्या एका आनुवंशिक विकारासाठी अॅडिनोव्हायरस दिलेल्या १८ वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला आणि सगळे क्षेत्रच काही वर्षे थबकले. त्यानंतर चेतासंस्थेसाठी अॅडिनो-असोसिएटेड व्हायरस, म्हणजे एएव्ही, आणि लेंटिव्हायरस हे दोन वाहक पुढे आले. एएव्हीत साधारण ४.७ किलोबेस, म्हणजे ४,७०० जनुकीय अक्षरे, एवढेच जनुकीय साहित्य मावते. ही मर्यादा अनेक आजारांत अडचणीची ठरते, पण चेतावाढीच्या प्रथिनांची जनुके लहान असतात, त्यामुळे येथे ती फारशी आड आली नाही.

आणि मग जीडीएनएफची गोष्ट सुरू होते, जी मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण या कारकिर्दीचा गाभा तोच आहे.

जीडीएनएफ हे प्रथिन १९९३ मध्ये शोधले गेले आणि पुढच्याच वर्षी असे दिसून आले की प्रेरक चेतापेशींना, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या पेशींना, जगवण्यात ते अत्यंत प्रभावी आहे. चेतामूळ मेरुरज्जूतून उपटले गेले की उंदराच्या शरीरातील त्या पातळीवरच्या बहुतेक प्रेरक चेतापेशी काही आठवड्यांत मरतात. शल्यचिकित्सक मूळ पुन्हा रोवू शकतात. थॉमस कार्लस्टेट यांनी १९९५ मध्ये माणसातही ते केल्याचे प्रसिद्ध केले. पण रोवलेल्या मुळातून अक्षतंतू पाठवायला आत पेशी जिवंत तर हव्यात. तेव्हा मूळ रोवायचे आणि जोडीला जीडीएनएफचे जनुक द्यायचे, ही जुळणी कोणालाही सुचावी इतकी सरळ होती.

२००४ मध्ये आम्स्टरडॅमच्या गटाने पायाकडे जाणारी मुळे उपटून पुन्हा रोवलेल्या उंदरांना एएव्हीच्या साहाय्याने जीडीएनएफ किंवा त्याच प्रकारच्या बीडीएनएफचे जनुक मेरुरज्जूतच, पेशींच्या शेजारी, दिले. पेशींना जीवदान मिळाले. अक्षतंतूही भरपूर फुटले. फक्त ते पायाकडे गेले नाहीत. जिथे प्रथिन होते तिथेच घुटमळत राहिले. ठीक आहे, मग जनुक मेरुरज्जूऐवजी पुढे, रोवलेल्या मुळातच देऊ, म्हणजे तंतू त्या दिशेने ओढले जातील, असा पुढचा विचार झाला. २००८ मध्ये लेंटिव्हायरसने तेही करून पाहण्यात आले. तंतू खरोखरच मुळात शिरले, आणि जेथे जीडीएनएफ बनत होते तेथे पोहोचून थांबले.

हे सूक्ष्मदर्शकाखाली कसे दिसते ते सांगतो, कारण शोधनिबंधाच्या सारांशातून त्याचा अंदाज येत नाही. निरोगी चेतेचा उभा छेद घेतला की अक्षतंतू एकमेकांना समांतर, एका दिशेने गेलेले दिसतात. जीडीएनएफ सतत बनत असलेल्या जागी मात्र ते वळतात, एकमेकांभोवती गुंडाळी घेतात, पुन्हा मागे फिरतात; चेता त्या जागी फुगलेली असते आणि छेदात तंतूंची वेटोळी दिसतात. त्याच चेतेचा छेद काही मिलिमीटर पुढे घेतला, तर तंतूंची संख्या एकदम रोडावते. उपचाराच्या जागी तंतू मोजणाऱ्याला प्रयोग यशस्वी वाटतो. स्नायूजवळ मोजणाऱ्याला उपचार न केलेल्या उंदरापेक्षाही परिस्थिती वाईट दिसते. या परिणामाला या क्षेत्रात मिठाईच्या दुकानाची उपमा देतात : पोर दुकानात शिरते आणि बाहेर निघायचे नाव घेत नाही. त्यामुळे या विषयावरचा कोणताही निबंध वाचताना मी पहिल्यांदा एकच गोष्ट पाहतो, ती म्हणजे तंतू कोणत्या जागी मोजले आहेत.

निसर्ग स्वतः काय करतो, याकडे लक्ष गेल्यावर कोडे उलगडू लागले. चेता तुटली की तिच्यातील श्वॉन पेशी, म्हणजे अक्षतंतूंना वेढून असणाऱ्या आधारपेशी, स्वतःच जीडीएनएफ बनवू लागतात; पण काही महिने अक्षतंतू परत आलाच नाही तर ते उत्पादन ओसरते. अहमेत होके आणि टेसा गॉर्डन यांनी हे २००२ मध्ये दाखवले होते. म्हणजे शरीरात हे प्रथिन ठराविक वेळी येते आणि ठराविक वेळी जाते, तर आपण दिलेले जनुक कायमचे चालू राहते. जनुक पेशीत पोहोचवण्याची कला तोवर बऱ्यापैकी साधली होती. ते शरीरात सुरक्षितपणे थांबवायचे कसे, याची मात्र तयारी कोणाचीच नव्हती.

जनुकाला बटण लावण्याची एक पद्धत प्रयोगशाळांत आधीपासून होती. डॉक्सिसायक्लिन हे साधे, औषधांच्या दुकानात मिळणारे प्रतिजैविक दिले की जनुक चालू, बंद केले की जनुक बंद. यासाठी जनुकासोबत एक नियंत्रक प्रथिनही पेशीत बनावे लागते, आणि ते प्रथिन जिवाणू व विषाणूंच्या तुकड्यांपासून तयार केलेले असल्यामुळे शरीराला परके वाटते. प्रतिकारशक्ती त्याला ओळखते आणि ते बनवणाऱ्या पेशींनाच मारून टाकते. अॅडिनोव्हायरसच्या वेळची अडचण पुन्हा समोर उभी राहिली.

त्यावरची तोड दुसऱ्याच एका विषाणूकडून मिळाली, आणि हा भाग मला व्यक्तिशः फार देखणा वाटतो. एपस्टाइन-बार विषाणू बहुतेक माणसांच्या शरीरात आयुष्यभर लपून राहतो. त्याच्या एका प्रथिनात ग्लायसिन आणि अॅलनिन या अमिनो आम्लांची लांबलचक पुनरावृत्ती असते, आणि तिच्यामुळे त्या प्रथिनाचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर टी पेशींसमोर फारसे मांडलेच जात नाहीत. आम्स्टरडॅमच्या गटाने ही पुनरावृत्ती नियंत्रक प्रथिनाला जोडली, आणि बटण प्रतिकारशक्तीच्या नजरेआड झाले. २०१४ मध्ये त्या बटणाची तपासणी प्रसिद्ध झाली. २०१८ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील एलिझाबेथ ब्रॅडबरी यांच्यासोबत तेच बटण मेरुरज्जूच्या इजेत काँड्रॉइटिनेज या विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकासाठी वापरले गेले. त्या विकराने इजेनंतरचा व्रण विरघळवून अक्षतंतूंना वाट मिळते, हे ब्रॅडबरी यांनी २००२ मध्येच दाखवले होते. आणि २०१९ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात जीडीएनएफचा निकाल आला : उंदरांत मूळ उपटून पुन्हा रोवल्यानंतर जीडीएनएफ केवळ महिनाभर चालू ठेवून बंद केले, तेव्हा पेशीही वाचल्या आणि अक्षतंतूही अडकून न पडता लांबवर, पायाच्या दिशेने गेले.

म्हणजे तंतू अडकतात हे कळल्यापासून ते सोडवता येतात हे दाखवण्यापर्यंत पंधरा वर्षे गेली, आणि एवढे होऊनही आपण उंदरापर्यंतच आलो आहोत. तुम्ही विचारलेल्या ‘हाती काय लागले’ याचे खरे उत्तर हे आहे : या इजेत उपचाराचे जनुक कोणते, हा प्रश्न तुलनेने सोपा होता, ते कुठे, किती आणि विशेषतः किती काळ चालावे, हा अवघड होता, आणि तो निदान प्राण्यांत तरी सुटू शकतो हे आता सिद्ध झाले आहे. बाकीच्या कामाचा उल्लेख धावता करतो. अक्षतंतूंना परतवणाऱ्या सेमाफोरिन ३-ए या प्रथिनाचे उत्पादन चेतासंस्थेच्या व्रणात सुरू होते, हे याच गटाने १९९९ मध्ये दाखवले. आणि लायडनचे चेताशल्यचिकित्सक मार्टाइन मालेसी यांच्या सहकार्याने, शस्त्रक्रियेत काढून टाकलेल्या मानवी चेतांच्या गाठींतही ते वाढलेले असते, हे २००७ मध्ये. शल्यगृहातून थेट प्रयोगशाळेत येणारी मानवी ऊती हा या कामाचा कमी बोलला गेलेला, पण माझ्या मते फार मोलाचा भाग आहे.

येथे एक शंका रास्त आहे. चेतासंस्थेसाठी जनुकोपचार बाजारात आलेच आहेत, मग इजेसाठीच का नाहीत? स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी या बालकांच्या आजारावर एएव्ही-९ वाहकाने एसएमएन-१ जनुक देणारा उपचार अमेरिकेत मे २०१९ मध्ये मंजूर झाला, दोन वर्षांखालील मुलांसाठी, २१ लाख डॉलरहून अधिक किमतीला. त्याआधी २०१७ मध्ये जेरी मेंडेल यांच्या गटाने उपचार घेतलेल्या १५ बालकांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. ती सर्व २० महिन्यांच्या वयात हयात होती, आणि या आजाराच्या तीव्र स्वरूपात तोवर असे होत नव्हते. जायंट अॅक्सोनल न्यूरोपथी या अतिदुर्मिळ आजारातही पाठीतून मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात एएव्ही दिलेल्या १४ रुग्णांचा अहवाल २०२४ मध्ये आला. हे खरे यश आहे आणि त्याने एवढे नक्की सिद्ध केले की माणसाच्या प्रेरक चेतापेशींपर्यंत जनुक पोहोचते.

पण त्या आजारांत एक जनुक जन्मतः नादुरुस्त असते, ते दिले की काम भागते, आणि ते जितका काळ चालेल तितके चांगले. इजेत कोणतेही जनुक नादुरुस्त नसते. तेथे काही आठवड्यांपुरती मदत हवी असते आणि नंतर ती मदतच अडथळा ठरते. शिवाय तेथे औषधाबरोबर शस्त्रक्रियाही असते, दोन रुग्णांच्या इजा सारख्या नसतात, आणि निकाल दिसायला दोन-तीन वर्षे लागतात. अशी चाचणी आखणे, तिला पैसे मिळवणे आणि नियामकांना पटवणे या प्रत्येक टप्प्याला वेगळी चिकाटी लागते. उंदराचा पाय काही सेंटिमीटरचा आणि त्याच्या अक्षतंतूंचा वेग आपल्यापेक्षा जास्त. त्यामुळे उंदरात सुटलेले गणित माणसात जसेच्या तसे सुटेल, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल.

निकालांच्या खरेपणाबद्दलही सावध असावे लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने मेरुरज्जूच्या इजेवरील गाजलेले प्रयोग स्वतंत्र प्रयोगशाळांकडून पुन्हा करून घेण्याचा एक उपक्रम राबवला होता. २०१२ मध्ये त्याचा आढावा प्रसिद्ध झाला, तेव्हा बहुतेक निकाल मूळ दाव्याप्रमाणे पुन्हा मिळाले नाहीत असे दिसले. त्यात फसवणूक होती असे नाही. थोडे प्राणी, मोजणाऱ्याला गट ठाऊक असणे, इजेच्या तीव्रतेत फरक, अशा साध्या कारणांनी हे होते. आणि सगळेच उपाय जनुकीय नसतात, हेही लक्षात ठेवा. कापलेल्या चेतेला शस्त्रक्रियेच्या वेळी २० हर्ट्झने तासभर विद्युत उत्तेजना दिली, तर अक्षतंतू लवकर मार्गी लागतात, हे गॉर्डन यांच्या गटाने २००० मध्ये उंदरांत आणि २०१० मध्ये कार्पल टनेलच्या, म्हणजे मनगटात चेता दाबली गेलेल्या, रुग्णांत दाखवले. वाहक नाही, विषाणू नाही, कोट्यवधींचा खर्च नाही. तुमचे मन जनुकोपचारावर बसले असले, तरी रुग्णाचा हात हलणे हे उद्दिष्ट असेल, तर अशा उपायांकडे पाठ फिरवून चालणार नाही.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे. या विषयात यावे का? यावे, पण तंत्राच्या ओढीने येऊ नये. ‘मला जनुकोपचारात काम करायचे आहे’ असे म्हणणारे विद्यार्थी खूप भेटतात. ‘अक्षतंतू येथे का थांबला’ हे विचारणारे थोडे. फरहाखन यांच्या वाटचालीत वाहक अॅडिनोव्हायरसवरून एएव्ही आणि लेंटिव्हायरसवर आला, त्याला बटण जोडले गेले, प्रश्न मात्र बदलला नाही. तुमच्या पीएच.डी.च्या काळातही तंत्र बदलेल, हे गृहीत धरा.

रोजचे काम कसे असते तेही जाणून असा. सूक्ष्मदर्शकाखाली भूल दिलेल्या उंदराची मिलिमीटरभर जाडीची सायटिक चेता १०-० मापाच्या, केसाहूनही बारीक नायलॉन धाग्याने बाहेरच्या आवरणातून जोडायची. टाका आत गेला तर अक्षतंतू दुखावतात आणि सैल राहिला तर टोके सरकतात. हे बोटांत बसायला काही महिने लागतात आणि पुस्तकातून ते येत नाही. त्यानंतर आठवडे वाट पाहायची, स्नायूचे विद्युत मापन करायचे, दोन्ही पायांच्या पोटरीचे स्नायू वजन करून तुलना करायची, छेद घ्यायचे, रंगवायचे आणि कोणता उंदीर कोणत्या गटातला हे माहीत नसताना तंतू मोजायचे. एका प्रयोगाला सहा-आठ महिने सहज जातात. दर महिन्याला निकाल हवा असणाऱ्या स्वभावाला हे झेपत नाही, आणि यात कमीपणा काही नाही. कृमींवर हाच प्रश्न आठवड्यात विचारता येतो.

भारतात ते काम चालतेही. हरियाणातील मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात अनिंद्य घोष-रॉय यांचा गट सी. एलेगन्स या कृमीत अक्षतंतू लेझरने कापून तो पुन्हा कसा वाढतो ते पाहतो. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, संध्या कौशिका अक्षतंतूंतील वाहतुकीवर काम करतात आणि पुण्याच्या आयसरमध्ये ऑर्नब घोष वाढत्या अक्षतंतूच्या टोकावर. हे थेट जनुकोपचार नव्हे, पण ‘तंतू का थांबला’ याची भाषा येथेच शिकता येते. जनुकोपचाराचे तंत्र देशात दुसऱ्या वाटेने आले आहे. वेल्लोरमध्ये हिमोफिलिया-ए या रक्त नीट न गोठण्याच्या आनुवंशिक आजारासाठी लेंटिव्हायरसने रक्तमूलपेशींत जनुक घालून ५ रुग्णांवर केलेली चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून निघालेल्या सीएआर-टी उपचाराला, म्हणजे रुग्णाच्याच टी पेशींत जनुक घालून त्यांना कर्करोगावर सोडण्याच्या उपचाराला, २०२३ मध्ये मान्यता मिळाली. वाहक बनवणे, शुद्ध करणे, त्याची मात्रा मोजणे ही कौशल्ये आता देशात शिकता येतात. दहा-पंधरा वर्षांपूर्वी एखाद्या विद्यार्थ्याला मी सरळ परदेशी जायला सांगितले असते.

आणखी एक गोष्ट, जी आम्स्टरडॅममध्ये बसून कोणाला सुचणार नाही. कुष्ठरोगात चेतांची हानी होते आणि भारतात हा रोग संपलेला नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारणाऱ्या डॉ. नोशीर अँटिया यांनी कुष्ठरुग्णांच्या हातापायांची पुनर्रचना करता करता चेतेत नेमके काय बिघडते, यावर संशोधन सुरू केले होते. येथे चेता तुटत नाही, ती जिवाणू आणि त्यावरची प्रतिकारशक्तीची प्रतिक्रिया यांच्या कात्रीत सापडते, आणि श्वॉन पेशी हे जिवाणूचे आवडते घर असते. तुटलेल्या चेतेबद्दल एवढे कळले असताना या चेतेत पुन्हा वाढ कशी घडवायची, याकडे फार थोड्यांचे लक्ष आहे. विषय निवडताना याचा विचार करावा, असे मी सुचवीन.

व्यवहाराचे बोलायचे तर सीएसआयआर-यूजीसी नेट किंवा डीबीटीची जेआरएफ या संशोधनवृत्तीच्या परीक्षांची तयारी आत्ताच सुरू करा. टीआयएफआर आणि बंगळूरच्या एनसीबीएससाठी जेजीईईबीआयएलएस ही वेगळी प्रवेशपरीक्षा आहे. एम.एस्सी.चा प्रकल्प शक्यतो अशा प्रयोगशाळेत करा जेथे प्राण्यांवर शस्त्रक्रिया होते, म्हणजे सुई हातात धरायला आवडते की नाही, ते पाच वर्षे गुंतवण्याआधी कळेल. पीएच.डी. पाच-सहा वर्षे, नंतर परदेशात किंवा येथे पोस्टडॉकची चार-पाच वर्षे, असा हिशेब धरा आणि घरच्यांनाही तो आधीच सांगून ठेवा. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या निबंधांची यादी पाहण्यापेक्षा त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारा : नकारात्मक निकाल आल्यावर गटात काय होते, आणि तंतूंची मोजणी करणाऱ्याला उंदरांचे गट ठाऊक असतात का. दुसऱ्या प्रश्नाला ‘असतात’ असे उत्तर आले, तर दुसरी प्रयोगशाळा पाहा.